खांबाजवळचं पाणी

सूर्यभानला कामावरून काढल्याचं पत्र मंगळवारी निघालं, आणि ते त्याच्या हातात द्यायची सुद्धा कुणी तसदी घेतली नाही. पूर्णाकाठ क्रीडा संघाच्या ऑफिसबाहेर सूचनाफलक आहे, ज्याच्यावर खेळाडूंच्या निवडी अन् सामन्यांच्या तारखा लागतात, त्याच्यावर ते टाचणीनं लावून दिलं. आता ह्याला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा. एकतीस वर्षं ज्या माणसानं त्या फलकाची काच दर सोमवारी ओल्या कागदानं पुसली, त्याला स्वतःचं पत्र त्याच काचेतनं वाचावं लागलं. सूर्यभान चौथी शिकलेला, अक्षरं जुळवत जुळवत वाचतो. ‘कामातील अक्षम्य हलगर्जीपणामुळे’ ह्या ओळीपाशी येऊन तो अडला, कारण ‘अक्षम्य’ ह्या शब्दाचा अर्थ काय ते त्याला कळेना. नाही कळला तेच बरं झालं.

संघ म्हणजे फार मोठं प्रस्थ आहे असं समजू नका. परभणीत, वस्तीच्या जरा बाहेर, पत्र्याचं एक ऑफिस, लिंबाची चार झाडं, एक नळ, आणि खो-खोचं मैदान. पण ह्या मैदानावरनं पोरं-पोरी राज्याला खेळायला गेल्या, कुणी रेल्वेत लागलं, कुणी पोलिसात लागलं. आणि मैदान होतं सूर्यभानचं. कागदोपत्री संघाचं होतं हो, पण कागद काय माती चाळतो का? मुरूम टाकायचा, माती चाळून पसरायची, पाणी मारायचं, रोलर ओढायचा, चुन्याची फक्की मारून रेघा आखायच्या, दोन्ही टोकांचे लाकडी खांब घासून असे गुळगुळीत ठेवायचे की हाताला कुसळ लागू नये, हे सगळं एकट्या माणसाचं काम. ताडकळसच्या बाजारात पोती उचलणारा हा गडी गोविंदरावांनी हेरला अन् इथं आणला. गोविंदराव तेव्हा शाळेत खेळाचे मास्तर होते, आता रिटायर होऊन संघाचे सचिव आहेत. सूर्यभान त्यांना गुर्जी म्हणतो, आणि त्यांचा शब्द म्हणजे देवाचा शब्द.

सूर्यभानची एक रीत होती. सामन्याच्या दिवशी तांबडं फुटायला तो वहाणा नळापाशी काढायचा आणि सगळं मैदान अनवाणी चालून यायचा. ह्या खांबापासून त्या खांबापर्यंत, पट्टी पट्टी धरून, बाई तांदूळ निवडते तसं. खडा असो, काच असो, बाभळीचा काटा असो, जे काय असेल ते पहिल्यांदा त्याच्या तळपायाला लागायचं. कुणी हसलं तर म्हणायचा, लेकरांच्या पायात मोडण्यापेक्षा माझ्या पायात मोडलेलं परवडलं, माझ्या टाचा दगडाच्या हायत. एकतीस वर्षांत त्या मैदानावर पोरं हरली, रडली, एकमेकांच्या उरावर बसली, पण मैदानापायी कुणाचा पाय मोडला असं एकदाही झालं नाही. हीच त्याची कमाई. पगाराचं विचारू नका, सांगायला आपल्यालाच लाज वाटते.

त्यात पिंकीवर त्याचा जरा जास्तच जीव. पोखर्णीचा सिताराम रोज पहाटे परभणीत दूध घालायला यायचा, मोटारसायकलला दोन्हीकडून कॅन, आणि त्या कॅनांच्या मधी ही पोरगी, नुसतं मुंडकं दिसायचं. सात वर्षांची होती तेव्हापासून. बाप गल्लोगल्ली दूध घालून परत येईस्तोवर ती मैदानावर पळायची. आखलेली रेघ पायानं पुसायची तिला भारी खोड. सूर्यभान ओरडायचा, ‘पिंके, तंगडं मोडीन,’ आणि पुन्हा वाकून रेघ आखायचा. बघता बघता ती सोळाची झाली. खांबापाशी अशी झेप टाकायची की पळणारीला वळायला सवड मिळायची नाही. ह्या वर्षी राज्याच्या संघाच्या निवड चाचणीला तिचं नाव होतं. सूर्यभानला ती मामा म्हणायची, आणि मामानं मैदान चालून बघितलंय म्हटल्यावर डोळे झाकून पळायची. डोळे झाकून म्हणजे अगदी तसंच, खाली बघायचीच नाही.

मग मैदानावर मॅट आली. आजकाल मोठे सामने मॅटवरच होतात, मातीवर शिकलेली पोरं तिथं घसरतात, म्हणून मॅट पाहिजे असं गोविंदराव पाच वर्षं म्हणत होते. ती आणली दत्तरावांनी. दत्तराव म्हणजे संघाचे अध्यक्ष, गुत्तेदार माणूस, रस्त्यांची कामं घेतात. ह्या माणसानं जन्मात कुणाला खो दिला नसेल, पण मॅट आणली हे खरं, उगाच नाही कशाला म्हणा. अर्ध्या मैदानावर शेड झाली, शेडखाली निळी मॅट अंथरली. सूर्यभानला आधी वाटलं, आता आपलं काम संपलं. पण तो शिकला. जोड कसे दाबायचे, धूळ कशी काढायची, ओल दिसली की कोरड्या फडक्यानं कशी टिपायची. माती बिचारी पाणी पडलं की पिऊन टाकते. मॅट पीत नाही, ते तसंच अंगावर घेऊन बसते. ही गोष्ट सूर्यभानला आठ दिवसांत कळली. बाकीच्यांना कळायला एका पोरीचा गुडघा जावा लागला.

मॅटचं उद्घाटन आणि जिल्ह्याचे सामने एकाच दिवशी ठेवले. आता आपल्याकडं नारळ फोडल्याशिवाय कशाला सुरुवात होत नाही. ह्या मैदानाचा तर दस्तूरच होता, स्पर्धेच्या पहिल्या दिवशी खांबाच्या पायथ्याशी नारळ फोडायचा, पाणी मातीत जिरायचं, खोबरं पोरांना वाटायचं. सूर्यभाननं ह्या वेळी विचार करून मॅटच्या बाहेर एक चांगला दगड धुऊन, हळदकुंकू लावून मांडून ठेवला. गुर्जींना दाखवला सुद्धा. गुर्जी म्हणाले, छान केलंस.

पण दत्तराव आले ते कॅमेरेवाल्याला घेऊनच. दगड बाहेर उन्हात, आणि फोटो तर निळ्या मॅटवरचा पाहिजे. म्हणाले, इतकी वर्षं खांबापाशी नारळ फुटलाय, आता दगडावर काय म्हणून? रीत मोडायची न्हाई. झालं, साहेब म्हणतील ती पूर्व दिशा. त्यांनी खांबाच्या बुडाशी वाकून नारळ आपटला. पहिल्यांदा फुटला नाही. दुसऱ्यांदा तडकला, तिसऱ्यांदा फुटला, आणि पाणी खांबावरून ओघळून मॅटवर पसरलं. टाळ्या वाजल्या. पाहुणे मंडळी बूट घालून त्याच पाण्यात दाटीवाटीनं उभी राहिली, फोटोसाठी.

सूर्यभान फडकं घेऊन धावला. गोविंदरावांनी हातानंच खूण केली, फोटोत येऊ नको, बाजूला हो. तो बाजूला झाला. दुसऱ्या दिवशीच्या पेपरातल्या फोटोत सतरा माणसं हसतायत, त्यांच्यात सूर्यभान नाही. फोटो झाला तसा तो पुन्हा पुढं आला आणि गुर्जींच्या कानाशी जाऊन म्हणाला, “गुर्जी, खांबाजवळ पानी हाय. दोन मिन्टं थांबवा.”

“सुकेल रे ते,” गोविंदराव म्हणाले. “आधी पाहुण्यांचा चहा बघ, दत्तरावांना निघायचंय.”

आता गुर्जींनी सांगितलं म्हणजे सांगितलं. सूर्यभान चहाला पळाला. फडकं खांद्यावरच होतं. चहाचा ट्रे घेऊन तो परत आला तेव्हा शिट्टी वाजून गेली होती, दत्तरावांच्या घाईपायी सामना सुरू करून टाकला होता. पोरी तोवर ऑफिसमागं अंग मोकळं करत होत्या, त्यांना नारळाचं काही ठाऊक नव्हतं. पिंकीच्या संघाकडं पाठलाग होता. पुढची पोरगी खांबाकडं पळाली, पिंकीला खो मिळाला, आणि तिनं झेप टाकायला उजवा पाय जिथं रोवला, तिथंच ते पाणी होतं. निळ्यावर निळं, दिसणार कसं? पाय निसटला, गुडघा आत वळला. सूर्यभाननं आवाज ऐकला. ट्रे त्याच्या हातातनं कधी पडला, त्याला आजही आठवत नाही.

गुडघ्याची आतली दोरी तुटली, डॉक्टर त्याला लिगामेंट म्हणतात. ऑपरेशन झालं तर पोरगी वर्षभरात पुन्हा पळेल, नाही झालं तर लंगडत चालेल, खेळाचं नाव नको. पेपरात बातमी आली, ‘उद्घाटनालाच अपघात’. झोंबली ती दत्तरावांना. चौकशी बसली. चौकशी म्हणजे काय, ऑफिसात तीन खुर्च्या मांडल्या, मधल्या खुर्चीवर गोविंदराव. समोर सूर्यभान उभा. गोविंदरावांनी विचारलं, उद्घाटन झाल्यावर मॅट पुसली होतीस का?

सूर्यभान म्हणाला, “गुर्जी, तुमीच तर...”

“हो किंवा नाही, एवढंच सांग.”

त्यानं गुर्जींकडं बघितलं. गुर्जी कागदाकडं बघत होते. सूर्यभानला वाटलं, हे सगळ्यांसमोर विचारायलेत, रीत असेल, पण पुढं स्वतःच सांगतील की मीच ह्याला चहाला धाडलं. एकतीस वर्षांच्या ओळखीचा माणूस, सांगणार नाही कसा? आपण मधी तोंड घातलं तर गुर्जींचा पाणउतारा व्हायचा. म्हणून तो म्हणाला, न्हाई, पुसली न्हवती. ते लिहून घेतलं गेलं. तो वाट बघत उभा राहिला. गोविंदरावांनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, ये आता. अहो, असा भोळा माणूस शोधून सापडायचा नाही, आणि असा मास्तर पैशाला पासरी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते ह्यालाच.

घरी बायनाबाईनं पत्राचं ऐकलं आणि तिनं जे तोंड सोडलं ते गल्लीनं ऐकलं. बायनाबाई म्हणजे सूर्यभानची बायको, जिभेला हाड नाही पण मन सोन्याचं. तिनं दत्तरावांची सात पिढ्यांची चौकशी केली, गोविंदरावांना तर काही बाकी ठेवलं नाही, आणि शेवटी नवऱ्याकडं वळली. मूग गिळून बसले म्हणाली. पानी त्यायनं सांडलं, चहा त्यायनं सांगितला, अन् खापर तुमच्या डोक्यावर, अन् तुमी उभे नंदीबैलावानी.  सूर्यभानला नोकरी गेल्याचं दुःख होतंच, चोपन्नाव्या वर्षी आता कुठं पोती उचलायला जाणार? पण त्याच्या मनाला खरी पोखरत होती ती दुसरीच गोष्ट. पिंकीला काय वाटत असेल? दवाखान्यात संघाच्या लोकांनी त्याला जवळ जाऊ दिलं नव्हतं. तिला जर कुणी सांगितलं असेल की मामानं मैदान बघितलंच नाही, तर?

गुरुवारी दुपारी गोविंदराव स्कूटीवर घरी आले. आत आले नाहीत, दारातच उभे राहिले. बायनाबाईनं पाणी सुद्धा विचारलं नाही. ते सूर्यभानला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले की रविवारी संघाची सर्वसाधारण सभा आहे, पत्रावर सभेची मंजुरी लागते. पोरीनं स्वतः लिहून दिलं की नारळाच्या पाण्यावरून पाय घसरला, सूर्यभानचा काही दोष नाही, तर सभेला ते डावलता यायचं नाही. जिचा पाय गेला तीच म्हणते म्हटल्यावर दत्तराव तरी काय बोलणार? “तू तिचा जबाब आण,” म्हणाले, “मग मला सभेत बोलायला तोंड राहील.”

तोंड होतंच की हो गुर्जी, देवानं सगळ्यांना दिलंय. पण म्हातारपणी सचिवाची खुर्ची सोडवत नाही, मग पोरीच्या आडून बोलायचं. सूर्यभानला मात्र एवढ्यानं सुद्धा भरून आलं. त्यानं वाकून त्यांच्या पायाला हात लावला. गोविंदराव पटकन मागं सरले आणि स्कूटी चालू करून निघून गेले.

शुक्रवारी सकाळीच बायनाबाईनं त्याला उठवून, धुतलेला शर्ट घालायला लावून पोखर्णीला धाडलं. जाताना दहा वेळा बजावलं, लाजत बसू नका, सरळ सांगा, पोरगी गुणाची हाय, लिहून देती. सूर्यभान काळीपिवळीत दाटून बसला. पोखर्णीला नरसिंहाच्या देवळाकडं नवस फेडायला निघालेली मंडळी गाडीत होती, गप्पा चालल्या होत्या, पण त्याचं लक्ष नव्हतं. तो मनातल्या मनात शब्द जुळवत होता. पिंके, तुझ्या मामाची लाज तुझ्या हातात हाय. नको, असं म्हणलं तर पोरगी रडल. पिंके, काय झालं ते खरं खरं सांगतो, मग तूच ठरव. हे बरं.

सिताराम अंगणातच भेटला. म्हशीला वैरण टाकत होता. सूर्यभानला बघून त्याच्या चेहऱ्यावर आधी चमकल्यासारखं झालं, मग त्यानं हात धुतले, खाट टाकली, बसा म्हणाला.  मग सितारामनं बंडीच्या खिशातनं घडी घातलेला कागद काढला.

दत्तरावांनी माणूस पाठवला होता. येत्या बुधवारी संभाजीनगरला ऑपरेशन ठरवलंय, सगळी सोय संघ करणार, नंतरचं मालिश-व्यायाम सुद्धा. फक्त ह्या कागदावर पोरीची अन् बापाची सही पाहिजे. कागदावर लिहिलं होतं की अपघात मैदान कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे झाला, संघाच्या पदाधिकाऱ्यांबद्दल आमची काही तक्रार नाही. सही नाही तर सोय नाही. सितारामनं सही करून टाकली होती. पण खाली पिंकीच्या नावापुढची जागा कोरी होती.

“तीन दिस झाले, पोरगी कागदाला हात लावायली न्हाई,” सिताराम म्हणाला. “म्हनती, मामाच्या मैदानावर असं व्हायचंच न्हाई, कुनीतरी लबाडी करायलंय. माजं ऐकायली न्हाई, मायीचं ऐकायली न्हाई. मी सूर्यभान भाऊ तुमच्या पाया पडतो. खरं काय हाय मला म्हाईत न्हाई, मी इचारत बी न्हाई. मला फकस्त तिचा पाय म्हाईत हाय.”

सूर्यभान कागदाकडं बघत राहिला. त्याच्या मनात पहिली गोष्ट काय आली ते सांगू का? माणूस आहे, देव नाही. पहिली गोष्ट ही आली की पोरीचा आपल्यावर एवढा भरोसा आहे. त्याला आनंद झाला. अंगणात बसल्या बसल्या त्याच्या डोळ्यांना पाणी आलं, आणि क्षणभर त्याला नोकरी, पत्र, दत्तराव, कशाचीच फिकीर राहिली नाही. आणि मग दुसरी गोष्ट ध्यानात आली की हाच भरोसा आता पोरीच्या पायावर उठलाय. आपण आत जाऊन खरं सांगितलं तर ही पोरगी सही करणार नाही, मेली तरी करणार नाही. रविवारी सभेत आपली लाज राहील, आणि बुधवार असाच निघून जाईल. आणि ती वर्षभरानं, दोन वर्षांनी, लंगडत लंगडत दुधाच्या गाडीवर चढेल. सिताराम कुठनं करणार ऑपरेशन?

तो उठला.  चप्पल दारात काढून आत गेला.

पिंकी भिंतीला टेकून बसली होती, पाय उशीवर, गुडघ्याला पट्टा. मामाला बघितलं आणि तिचं तोंड असं उजळलं की सूर्यभानला दारातच उभं राहावंसं वाटलं. “मला म्हाईत होतं तुमी येनार,” ती म्हणाली, आणि आईला हाक मारून म्हणाली, बघ, आलेत की न्हाई. सितारामही मागनं येऊन चौकटीशी उभा राहिला. पिंकीनं त्याच्याकडं बोट केलं. “मामा, ह्यायला सांगा. पाहुन्यायनं काहीतरी सांडलं असंल अन् तुमाला पुसू दिलं न्हाई. असंच झालं ना?”

बघा, लेकराला न बघता सगळं कळलं होतं. मोठ्या तीन माणसांना खुर्चीत बसून कळलं नव्हतं.

सूर्यभान खाली बसला. त्याला तिच्या तोंडाकडं बघवेना, म्हणून तो गुडघ्याच्या पट्ट्याकडं बघून बोलला. “न्हाई पोरी. नारळाचं पानी पडलं व्हतं. मला दिसलं व्हतं. पुसायला कुनी नको म्हनलं न्हाई. मी चहाच्या नादी लागलो अन् इसरलो.”

 बाहेर म्हैस हंबरली.

“इसरलाव?” पिंकी म्हणाली. “तुमी?”

“वय झालं आता,” सूर्यभान म्हणाला. “राहतंय एखांद्या वेळी. जे कागदावर लिवलंय ते बरोबर हाय. सही कर अन् बुधवारी जा. पाय नीट करून घे.”

ती त्याच्याकडं बघत राहिली. तिला वाटत होतं तो हसेल, थट्टा केली म्हणेल. तो हसला नाही. हळूहळू तिचं तोंड बदलत गेलं, ते त्यानं न बघताही त्याला कळलं. मग तिनं बापाकडं हात केला आणि पेन मागितलं. कागद मांडीवर धरून सही केली, शाळेतल्या वहीवर करतात तशी पूर्ण नावाची, सावकाश. कागद बापाला दिला आणि भिंतीकडं तोंड केलं.

“तुमच्यापायी मी तीन दिस सगळ्यायशी भांडले,” ती भिंतीकडं बघून म्हणाली. “मी खाली बघतच न्हवते मामा, तुमी बघितलं असंल म्हनून.”

सूर्यभाननं तिच्या डोक्यावर हात ठेवायला हात उचलला होता. तो त्यानं तसाच मागं घेतला. पिंकीच्या आईनं चहा ठेवला होता, तो न घेताच तो बाहेर पडला. सिताराम रस्त्यापर्यंत आला. त्याला समजलं होतं, नव्हतं समजलं, देव जाणे. फाट्याला सोडतो म्हणाला, गाडी काढतो म्हणाला. सूर्यभान नको म्हणाला आणि चालत निघाला. फाट्यावर येईपर्यंत तीन गाड्या त्याच्या शेजारून गेल्या, एकीलाही त्यानं हात केला नाही. लोक म्हणत असतील, म्हातारा वेडा आहे, उन्हाचा चालतोय.

घरी पोचायला दुपार कलली. बायनाबाई दारातच बसून होती. दिलं का लिहून, असं विचारायला तिनं तोंड उघडलं आणि त्याचा चेहरा बघून मिटलं. त्यानं नळाखाली पाय धुतले. आत येऊन बसला आणि तिला सगळं सांगितलं, काही राखून न ठेवता, खाटेपासून भिंतीपर्यंत. ही बाई एरवी मीठ कमी पडलं तरी घर डोक्यावर घेणारी, आज उठून चुलीकडं गेली. मग तिनं त्याच्यापुढं ताट वाढून ठेवलं आणि शेजारी बसली. म्हणाली, चांगलं केलंत. पोरीचा पाय वाचला. आपलं काय, आपण कसंबी जगू, दोघांना किती लागतंय? गुर्जींचं नाव मात्र ह्या घरात पुन्हा काढू नका.

सूर्यभाननं भाकरीचा तुकडा मोडला, तो तसाच हातात राहिला. त्याचे खांदे हलायला लागले. लग्न झाल्यापासून बायनाबाईनं त्याला रडताना बघितलं नव्हतं, पत्र लागलं त्या दिवशी सुद्धा नाही. तिनं ताट बाजूला सरकवलं आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाली, जाऊ द्या, नोकरीच गेली, जीव तर न्हाई गेला.

“नोकरीचं न्हाई गं,” तो म्हणाला. “मला वाटलं व्हतं, मी किती बी सांगितलं तरी तिला पटायचं न्हाई. ती म्हनल, मामा, खोटं बोलायलाव. बायना, तिला खरं वाटलं गं.”